राजा ‘जाळा’ म्हणत नाही

"राजा ‘जाळा’ म्हणत नाही," अण्णा म्हणाले.

ते कपाटात बसले होते. खरोखरच कपाटात. कोल्हापूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत आवाज रेकॉर्ड करायला वेगळी जागा नव्हती, म्हणून भिंतीतल्या एका मोठ्या कपाटाचे कप्पे काढून आत गोधड्या ठोकल्या होत्या. एक स्टूल, एक माइक, एक दिवा. माझे वडील, नगरपरिषदेचे निवृत्त मुख्याधिकारी मुरलीधर शेणोलीकर, त्या स्टुलावर गुडघे जुळवून बसले होते आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत होते.

"मग काय म्हणतो?" मी विचारलं.

"‘नदीकाठची वस्ती रिकामी करून घ्या.’ एवढंच. पुढचं खालचे लोक बघतात."

"पण अण्णा, तो जाळायला सांगतोय हे खेळणाऱ्याला कळायला हवं ना."

"कळतं," ते म्हणाले. "सगळ्यांना कळतं."

मी ओळ बदलली. त्यांनी ती एका दमात म्हटली, अगदी सपाट, जेवण झाल्यावर सुपारी मागावी तशी. हेडफोनमध्ये ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. बाहेर बसलेल्या माझ्या सहकाऱ्याने, इम्तियाजने, अंगठा वर केला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही ‘नीलघाट’ नावाचा गेम करत होतो. मी गेम लिहिते म्हणजे नेमकं काय करते, हे माझ्या नातेवाइकांना अजून उमगलेलं नाही. एक मावशी तर कार्यात चारचौघींत माझी ओळख ‘हिचं अजून खेळणंच चाललंय’ अशी करून देते. तर सांगते. एक काल्पनिक राज्य, त्यात डोंगर, किल्ले, थोडी जादू आणि बरीच लढाई. खेळणारा त्यात एक शिलेदार होतो. राजा, सैनिक, गावकरी ही बाकीची पात्रं त्याच्या हातात नसतात, ती आपापली वागतात. ती कशी वागणार याचे नियम मी साध्या मराठीत लिहायचे आणि इम्तियाज मुल्ला ते संगणकाला कळतील असे करायचा. इम्तियाज पेठेतला, माझ्याच वयाचा, आणि माझ्या लिहिण्याला ‘कविता’ म्हणून चिडवणारा.

सगळ्यांत जास्त जीव मी लावला होता युवराज अमोघवर. वय एकोणीस, मिसरूड नुकतं फुटलेलं, डोकं तत्त्वांनी गच्च भरलेलं. दुबळ्याला इजा करणारा दिसला की त्याच्याशी लढायचं. नि:शस्त्रावर वार करायचा नाही. समोरच्याजवळ शस्त्रच नसेल तर आपली तलवार त्याला द्यायची आणि मग लढायचं.

"म्हंजे ह्यो आपली तलवार देऊन टाकणार आणि हात हलवत उभा ऱ्हाणार व्हय?" इम्तियाजने विचारलं होतं.

"त्याच्या कमरेला कट्यार आहे की."

"मग ठीकाय. येडं हाय पोरगं, पण चांगलं हाय."

आणि तो चांगलाच निघाला. कुणाची पाटी सांडली की हा घोड्यावरून उतरून वेचू लागायचा. एकदा तपासताना त्याने आपले जोडे एका भिकाऱ्याला दिले आणि पुढची सगळी लढाई अनवाणी केली. आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

एकदाच त्याने घोळ घातला. कथेत राजा वज्रसेन शत्रूला आसरा मिळू नये म्हणून नदीकाठची वस्ती हटवायचा हुकूम देतो. आमच्याच सैनिकांनी ती वस्ती पेटवली, आणि युवराजाने नियमाप्रमाणे त्या आपल्याच सैनिकांना एकेक करून कापून काढलं. स्क्रीनवर नुसता खच पडला.

"हे बरं दिसत नाही," मी म्हणाले. "पोटासाठी आलेली माणसं आहेत ती. त्यांना कसला मारतोय? हुकूम देणाऱ्याला धर म्हणावं."

"बरोबर हाय," इम्तियाज म्हणाला आणि दुपारपर्यंत त्याने नियम बदलला. इजा कुणीही करो, दोष हुकूम देणाऱ्याच्या माथी. आमच्या दोघांच्याही डोळ्यांसमोर तेव्हा शत्रूचा सेनापती होता. तो दर प्रकरणात एक गाव जाळायला सांगायचा. राजाच्या हुकमाचा प्रसंग त्यानंतर पुन्हा चालवून बघायचं राहूनच गेलं.

आता आवाजांचं. आमचे आवाज तात्पुरते होते. नंतर खरे नट घ्यायचे, तोवर घरचीच माणसं धरून आणायची, अशी लहान स्टुडिओंत सर्रास पद्धत असते. प्रत्येक जण एकटाच येतो, आपल्या ओळी भिंतीकडे तोंड करून म्हणतो आणि जातो. समोरचं पात्र कोण करतंय हे त्याला माहीतही नसतं. राजा अण्णांना दिला. युवराज दिला माझ्या धाकट्या भावाला, उन्मेषला. तो सोलापुरात शाळेत शिकवायचा. डोक्यावरून पांघरूण घेऊन त्याने आपल्या ओळी फोनवरच रेकॉर्ड करून पाठवल्या. राजा कोण आहे हे मी त्याला सांगितलं नाही, आणि युवराज कोण हे अण्णांना.

कारण ते दोघं चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

अण्णांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, ते ज्या तालुक्याच्या गावी होते तिथे ओढ्याकाठची झोपडपट्टी हटवली गेली. एका घराची भिंत पाडली, आत एक म्हातारी होती, ती दगावली. चौकशी बसली. उन्मेष त्या दिवसांत सुट्टीला अण्णांकडे गेला होता. आदल्या संध्याकाळी वस्तीतले लोक बंगल्यावर आले होते, दोन दिवसांची मुदत मागत होते. अण्णांनी त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. उन्मेषने चौकशीत सांगितलं की लोक गेल्यावर मी स्वतः वडिलांना म्हणालो, आत एक म्हातारी आहे, तिला चालता येत नाही. अण्णांनी सांगितलं, माझ्या कानावर असं काही आलं नाही. जेसीबीचा चालक दोषी ठरला. अण्णा ठरल्या तारखेला हार-नारळ घेऊन निवृत्त झाले, घरी आले आणि उन्मेषला म्हणाले, माझ्या घरात परत पाऊल ठेवू नकोस. त्याने ठेवलं नाही.

आई त्याआधीच गेली होती. मध्ये पडायला मी एकटी उरले. अण्णांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मी माझी समजूत घालून घेतली होती: उन्मेष बोलला असणार आणि अण्णांना ऐकू आलं नसणार. दोघंही खरे. ही समजूत मी चार वर्षं सांभाळली आणि दोघांनाही फोनवर ऐकवली. दोघांनीही ती ऐकून विषय बदलला.

अण्णांची विषय बदलायची रीत ठरलेली. मनातलं काही विचारायची वेळ आली की ते जेवणाचं विचारतात. मी नापास होऊन घरी आले तेव्हा, आईला पोचवून आम्ही परतलो तेव्हा, दारात एकच वाक्य. गेममध्ये कुणी राजाजवळ आलं की राजाने स्वागताचं काही म्हणायचं होतं. मी लिहिलं होतं, ‘यावे, आपले स्वागत असो.’ अण्णांनी ते वाचलं, नाक मुरडलं आणि आपल्या मनानेच म्हणाले, "आलास? जेवलास का?"

बाहेर इम्तियाज खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. "हेच ठेवायचं," तो म्हणाला. "असला राजा कुणाकडं न्हाई." तेच ठेवलं.

लढाईनंतर राजा आणि युवराज किल्ल्याच्या तटावर बोलतात, असा एक प्रसंग मी लिहिला होता. युवराज म्हणतो, मला तुमचं पटलेलं नाही. राजा म्हणतो, ठाऊक आहे, बस इथे. मग ते बराच वेळ बोलतात. अण्णांच्या ओळी कोल्हापुरातल्या, उन्मेषच्या सोलापुरातल्या, मी त्या एकापुढे एक जोडल्या. चार वर्षं न बोललेले बाप-लेक माझ्या संगणकात एकमेकांशी शहाण्यासारखे बोलत होते. खोटं कशाला सांगू, ते मी पुन्हा पुन्हा लावून ऐकायचे आणि रडायचे.

मला अण्णांना तो प्रसंग ऐकवायचा होता. तेवढ्यासाठीच सगळा घाट घातला. पुण्याच्या एका कंपनीच्या देवस्थळीबाई गेम बघायला येणार होत्या. त्यांना आवडला तर गेम बाजारात जाणार, नाहीतर आम्ही दुसऱ्या नोकऱ्या शोधणार. त्याच दिवशी मी अण्णांना कराडहून बोलावलं, राजा हजर हवाच म्हणून. आणि उन्मेषला सांगितलं, संध्याकाळी ये, काम आहे. तोवर अण्णांनी तटावरचं बोलणं ऐकलेलं असेल, त्यांचं मन जरा सैल झालेलं असेल, मग उन्मेष दारात उभा राहील. मी हे सगळं डोक्यात इतकं नीट मांडलं होतं, की ते घडून गेल्यासारखंच वाटत होतं.

देवस्थळीबाई पन्नाशीच्या, हातमागाची साडी, बोलणं मोजकं. त्यांनी पदर खोचला, कंट्रोलर हातात घेतला आणि असा सराईतपणे चालवला की इम्तियाजने माझ्याकडे भुवया उडवून पाहिलं. अण्णा मागच्या खुर्चीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात मांडीवर.

स्क्रीनवर युवराज आला. घोड्यावरून उतरला आणि एका म्हातारीची लाकडाची मोळी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. "जपून जा, आजी," तो म्हणाला.

उन्मेषचाच आवाज. अण्णा खुर्चीत ताठ झाले.

"हा आवाज…"

"तात्पुरता आहे, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला आणि स्क्रीनकडे बघत राहिले. उठून गेले नाहीत. माझा जीव भांड्यात पडला.

पुढे राजाचा तंबू आला. ‘नदीकाठची वस्ती रिकामी करून घ्या.’

"काय आवाज आहे," देवस्थळीबाई म्हणाल्या. "कोण नट आहेत हे?"

"माझे वडील. मागे बसलेत ते."

बाईंनी वळून नमस्कार केला. अण्णांनी मान हलवली.

वस्ती पेटली. माणसं पोरंबाळं घेऊन पळू लागली, दोघं-तिघं आतच राहिली. इथून युवराजाने घोडा फेकत शत्रूच्या छावणीकडे जायचं, शिलेदाराने त्याच्यामागे, की लढाई सुरू. देवस्थळीबाईंनी घोडा तयार ठेवला.

युवराज जळत्या घरांसमोर थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने पाठ फिरवली आणि चालत आमच्याच छावणीकडे निघाला.

"हा कुठे निघाला?" बाईंनी विचारलं.

मी इम्तियाजकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. वाटेतले सैनिक युवराजाला मुजरे करत होते. तो प्रत्येकाला मान लववत सरळ पुढे जात होता. बाई त्याच्यामागून चालल्या. तो राजाच्या तंबूत शिरला.

"आलास? जेवलास का?" राजा म्हणाला.

देवस्थळीबाई खळखळून हसल्या. मलाही हसू आलं. अण्णांच्याही ओठांची कड हलली.

"शस्त्र उचला," युवराज म्हणाला. "मी नि:शस्त्र माणसावर वार करत नाही."

ही ओळ उन्मेषने शत्रूच्या सेनापतीसाठी म्हटली होती. अशी काही तिखट म्हटली होती, की मी त्याला फोन करून शाबासकी दिली होती.

"आलास? जेवलास का?"

"वैजू," इम्तियाज माझ्या कानाशी पुटपुटला, "हुकूम देणाऱ्याला धर म्हणालीस न्हवं तू. धरलंय त्यानं."

"बंद कर," मी म्हणाले.

"थांबा," देवस्थळीबाई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. "काही बंद करू नका."

"शस्त्र उचला. मी नि:शस्त्र माणसावर वार करत नाही."

"आलास? जेवलास का?"

राजाकडे दुसरी ओळच नव्हती. त्याला कधी कुणाशी भांडावं लागेल असं आमच्या स्वप्नातही नव्हतं. पुन्हा तेच झालं, पुन्हा तेच. खोलीतलं हसू केव्हाच थांबलं होतं. माझ्या भावाचा आवाज माझ्या वडिलांना लढायला बोलावत होता आणि माझे वडील त्याला जेवणाचं विचारत होते. आमच्या घरात चार वर्षं याहून वेगळं काय चाललं होतं, असं मला वाटलं आणि वाटल्याचाच राग आला.

मग युवराजाने गुडघा टेकला. दोन्ही हातांवर आडवी तलवार घेतली आणि ती राजाच्या पायाशी ठेवली. ही हालचाल करायला आम्ही कितीतरी दिवस घालवले होते. तो ती फार सुंदर करायचा. उठला, दोन पावलं मागे सरला आणि उभा राहिला.

"आता कट्यार काढेल," मी इम्तियाजला म्हणाले.

"कट्यार न्हाई त्याच्याकडं."

"म्हणजे?"

"परवा काढली. चित्रात शेल्यातनं आरपार दिसत होती. बाईंच्या समोर वंगाळ दिसायला नको म्हणून."

राजा वाकला. त्याने तलवार उचलली. युवराजाचे हात बाजूला मोकळे होते. राजाने एकच वार केला.

उन्मेषला मरतानाचं ओरडता आलं नव्हतं. "ताई, मला नाही जमत ते, लाज वाटते," असं म्हणून त्याने नुसता एक श्वास सोडून पाठवला होता. तोच श्वास खोलीत ऐकू आला. युवराज राजाच्या पायाशी पडला.

राजा सरळ उभा राहिला, त्याने मान खाली वळवली आणि पायाशी पडलेल्या पोराला म्हणाला,

"आलास? जेवलास का?"

जवळ माणूस असलं की राजाने हे म्हणायचं, असा नियम होता. ते माणूस जिवंत हवं, हे लिहायला आम्ही विसरलो होतो. थोड्या वेळाने राजा पुन्हा म्हणाला, आणि पुन्हा. त्याच मायेने, एका शब्दाचाही फरक नाही. देवस्थळीबाईंनी कंट्रोलर टेबलावर ठेवला. इम्तियाज कीबोर्डवर झेपावला आणि त्याने कसंबसं सगळं आहे त्या जागी थांबवलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा उठून पुढे आले होते.

"तो उन्मेष होता ना?"

"हो."

"त्याने तलवार का ठेवली?"

"तुमच्या हातात काही नव्हतं म्हणून," मी म्हणाले. राजाच्या हातात, असं म्हणायला हवं होतं, पण तसं तोंडात आलं नाही.

"आणि मी का उचलली?"

इम्तियाज बिचारा खाली मान घालून म्हणाला, "काका, त्यात तुमचं काय न्हाई. नियम साधा हाय. समोर दुश्मन, पायाशी हत्यार, की उचलायचं आणि मारायचं. सगळ्या पात्रांना तोच लावलाय. राजासाठी येगळा लिहायचा ऱ्हायला."

"म्हणजे मारायला कुणी सांगितलेलं नव्हतं."

"न्हाई ओ काका. कुणीच न्हाई."

"हो," अण्णा म्हणाले. "तसंच असतं ते."

देवस्थळीबाई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "हे तुम्ही मुद्दाम केलं असेल तर मला आत्ता सांगा," त्या मला म्हणाल्या. "आणि चुकून झालं असेल तर कधीच कुणाला सांगू नका. मला जरा चहा हवाय." इम्तियाज त्यांना घेऊन खाली टपरीवर गेला. गेम पुढे त्यांनीच बाजारात आणला आणि तो प्रसंग त्यात आहे तसाच आहे. कसं सुचलं म्हणून लोक विचारतात तेव्हा आम्ही दोघं आकाशाकडे बघतो.

खोलीत मी आणि अण्णा उरलो. स्क्रीनवर राजा तलवार घेऊन उभा, खाली पोरगा पडलेला. मला ते चित्र घालवायचं होतं, पण इम्तियाजने काय दाबून थांबवलं होतं ते मला कळेना. मी नुसतीच बटणं चाचपत होते.

"राहू दे," अण्णा म्हणाले.

जिन्यात पावलं वाजली. मला वाटलं इम्तियाज काही विसरला. दारात उन्मेष उभा होता. खांद्याला पिशवी, केस वाऱ्याने विस्कटलेले.

"गाडी लवकर पोचली, ताई," तो म्हणाला, आणि मग त्याला अण्णा दिसले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेले नाही. फसवून आणलंस, असं त्यात होतं. मग त्याची नजर स्क्रीनवर गेली, पायाशी पडलेल्या युवराजावर, राजाच्या हातातल्या तलवारीवर. युवराज कोण हे त्याला ठाऊकच होतं. राजा कोण ते त्याला त्या क्षणी कळलं असावं, कारण त्याने पुन्हा अण्णांकडे पाहिलं.

अण्णांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार हे मला ठाऊक होतं, उन्मेषलाही ठाऊक होतं. त्यांच्या ओठांनी पहिलं अक्षर जुळवलेलंसुद्धा मला दिसलं. पण ते म्हणाले नाहीत. ते बाजूच्या स्टुलावर बसले, तेच कपाटातलं स्टूल.

"त्या बाईचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या?" उन्मेषचा आवाज कोरडा होता.

"ओढ्याकाठच्या."

"हौसाबाई. हौसाबाई लोंढे."

"हौसाबाई," अण्णा म्हणाले. "आणि तो चालक?"

"बाळू खोत. त्याला नंतर कुणी मशीनवर घेतलं नाही. वीटभट्टीवर असतो." उन्मेष थांबला. "मी जातो अधूनमधून त्याच्याकडे."

हे मलाही माहीत नव्हतं. अण्णांनी मान डोलावली. खालून टपरीवरच्या स्टोव्हचा फरफर आवाज येत होता. मी देवाला विनवत होते की यांनी आता नुसतं ‘बस इथे’ म्हणावं. तटावर म्हटलं होतं तसं. एवढेच दोन शब्द, की माझं काम झालं.

"त्या संध्याकाळी," अण्णा म्हणाले, "लोक गेल्यावर मी कप उचलत होतो. तू माझ्या मागे येऊन उभा राहिलास."

"हो."

"कुठल्या बाजूला?"

उन्मेषला क्षणभर प्रश्न कळला नाही. मला कळला.

"उजव्या," उन्मेष म्हणाला.

"हो. उजव्याच." अण्णांनी आपल्या उजव्या कानाला हात लावला, आणि तो तसाच खाली आणला. "ऐकलं होतं मी. ‘आत म्हातारी आहे, तिला चालता येत नाही.’ सगळं ऐकलं. आणि तुला म्हणालो, जेवून घे."

चार वर्षं मी जी समजूत दोघांच्या मध्ये धरून उभी होते, तिच्यात काहीच नव्हतं. एकच जण खरा होता. तो सोलापुरात भाड्याच्या खोलीत एकटा राहिला होता, आणि मी त्याला फोन करकरून सांगत होते, जाऊ दे रे, त्यांना ऐकू आलं नसेल. आणि तो ऐकून घेत होता.

उन्मेष दारातच उभा होता. त्याने खांद्यावरची पिशवी दोन्ही हातांनी काढली, दोन पावलं आत आला आणि ती अण्णांच्या पायाशी ठेवली. मग मागे सरला आणि हात मोकळे सोडून उभा राहिला.

मी नकळत अण्णांच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर होते, उताणे, रिकामे.